डोक्याला लागलं की दम मोजायचे

आमच्या संघात एक पद्धत होती. पकडीत किंवा चढाईत कुणाच्या डोक्याला लागलं की त्याला धरून बाहेर आणायचं, मानेवर ओला टॉवेल टाकायचा, मैदानातलीच चिमूटभर माती कपाळाला चोळायची आणि म्हणायचं, घे दम. मग त्यानं सरळ उभं राहून एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणायचं. समोरच्यानं त्या तालावर एकेक बोट मिटत जायचं. दोन्ही हातांची दहा बोटं तीनदा मिटून झाली आणि दम तुटला नाही तर गडी ठीक, जा आत. तुटला तर त्या दिवशी बाहेर बसायचं.

ही पद्धत आबांची. आबा यावलकडचे, साठीच्या पुढचे, आमचा सराव तेच घ्यायचे. डोक्याला खरंच काही झालं तर माणसाचा श्वास आधी विस्कटतो, असं त्यांनी त्यांच्या वस्तादांकडून ऐकलेलं होतं. आम्हीही ते ऐकलं आणि पुढे चालवलं. रक्त नाही, ओकारी नाही, दम पुरा. मग राहिलं काय?

बोटं मिटायचं काम माझ्याकडे होतं.

ते माझ्याकडे आलं कारण मी कुणाच्याच गावचा नव्हतो. संघात दोघं पहूरचे, एक यावलचा, तिघं धुळ्याकडचे. आपल्या गावच्या गड्यासाठी बोटं भरभर मिटतात म्हणून त्यांची एकदा मैदानावरच जुंपली होती. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या खेड्यातला. नववीत शाळा सोडलेली, जळगावात ओळखीचं एक माणूस नाही. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की मोजेल तर कोकण्याच. मासळीच्या वाट्यांसारखं मोज, एक इकडचा तिकडे करू नको, म्हणायचे. मी हसायचो आणि मोजायचो. आपण चुकलो तर परत जावं लागेल, असं मला त्या काळात प्रत्येकच कामात वाटायचं.

मला तिथं आणलं भाऊंनी. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. जळगावबाहेरच्या एका सूतगिरणीचा संघ आमच्याकडे चिपळूणला स्पर्धेला आला होता. भाऊ त्यांचे कप्तान. मी गावच्या संघातून खेळलो आणि आम्ही वाईट हरलो. सामना संपल्यावर त्यांनी मला बोलावून विचारलं, काय करतोस. मी म्हटलं, काही नाही. दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं की गिरणीत बदलीवर, म्हणजे रजेवरच्या कामगाराच्या जागी, घेतील, ये. माझ्यासारख्या नववी नापास पोराला कुणी पत्र लिहून बोलावलं होतं. ते कार्ड मी पुढं कित्येक वर्षं ट्रंकेत ठेवलं होतं.

पहिले पाच महिने मी त्यांच्याच घरी राहिलो. गिरणीच्या चाळीत दोन खोल्या, त्यात ते, वहिनी आणि दोन मुली. मला पुढची खोली दिली आणि ते चौघं आत झोपायचे. वहिनी ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी करायच्या, वर लसणाची चटणी आणि तेल. पहिल्यांदा ती काळपट भाकरी बघून मी थांबलो, तर भाऊ म्हणाले, खा, भाताची आठवण येणं महिन्यात बंद होईल. ती काही बंद झाली नाही, पण मी तसं बोललो नाही. त्या घरात कशालाही नाही म्हणायची मला भीती वाटायची.

भाऊ पिंपळनेरकडचे. माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करायचे आणि तिसऱ्या वाक्याला अहिराणीवर यायचे. तेव्हा बत्तीस-तेहतीसचे असतील. ते उजवे मध्यरक्षक, मी डावा. मध्यरक्षकाचं काम म्हणजे चढाई करणारा आत शिरला की त्याला धडक मारून रेषेबाहेर घालवायचं. इतर लोक खांद्यानं मारतात. भाऊ कपाळानं मारायचे. कमरेत वाकून, मान आखडून, बरोबर बरगडीखाली. समोरचा गडी उडून प्रेक्षकांत पडायचा आणि लोक शिट्ट्या मारायचे. पहूरला, यावलला, जिथं जाऊ तिथं लोक ती धडक बघायला यायचे. चढाई करणाराही काही नुसता उभा राहत नाही. त्याचा गुडघा येतो, टाच येते, कोपर येतं. भाऊ उठायचे, डोकं एकदा हलवायचे, कानात पाणी गेल्यासारखं, आणि पुन्हा जागेवर उभे राहायचे.

सरावाला एक पोतं होतं. गिरणीतला वाया गेलेला कापूस ठासून भरलेलं गोणपाट, लिंबाच्या फांदीला टांगलेलं. रोज संध्याकाळी प्रत्येक मध्यरक्षकानं त्याला कपाळानं धडका मारायच्या. वीस, पंचवीस. पावसात भिजून आणि उन्हात वाळून ते पोतं नंतर नंतर ओंडक्यासारखं झालं होतं. त्या धडका कुणी लागलं या हिशेबात धरत नसे. तो सराव होता.

माझ्या पहिल्या तीन हंगामांत मी भाऊंचा दम किती वेळा मोजला ते सांगता येणार नाही. एका सामन्यात कधी दोनदाही मोजला. एकदाही तुटला नाही. तिसावं बोट मिटलं तरी ते थांबायचे नाहीत, पुढं चार-पाच बोटं जाऊ द्यायचे आणि मग हसून श्वास सोडायचे. आबा म्हणायचे, बघा रे, हा दम बघा.

तिसऱ्या हंगामात मला काही गोष्टी दिसायला लागल्या. दिसल्या म्हणजे मी त्या बघितल्या आणि बाजूला ठेवल्या. कँटीनमध्ये चहा पिताना भाऊंनी विचारलं, रविवारी सामना कुठं आहे. सांगितलं. चहा संपायच्या आत त्यांनी तेच पुन्हा विचारलं. उठताना पुन्हा. पोरं हसली, कुणीतरी म्हणालं, भाऊंना सामन्यापेक्षा तिथली शेवभाजी आठवायची असेल. भाऊ पण हसले. मी हसलो. दुपारी ते डोळ्यांवर रुमाल ठेवून बसायचे, ऊन टोचतं म्हणायचे. पण एप्रिलातल्या जळगावात ऊन कुणाला नाही टोचत, असं मी मला समजावलं.

खात्यात ते जॉबर होते. सूत कातायची यंत्रं बिघडली की दुरुस्त करायची, पट्टे बदलायचे. एका सकाळी मी बघितलं तर ते एका उघडलेल्या यंत्रासमोर पाना हातात घेऊन उभे आहेत. दहा मिनिटांनी बघितलं तरी तसेच. जवळ गेलो. ते त्या दातेरी चाकांकडे असं बघत होते की जणू दुसऱ्या कुणीतरी ती तिथं आणून ठेवली आहेत. मी हळूच पाना घेतला आणि त्यांनीच मला शिकवलेलं काम करून टाकलं. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. त्यानंतर मी माझं काम सांभाळून त्यांच्या यंत्रांवर लक्ष ठेवायला लागलो. सुपरवायझरला कळू दिलं नाही. त्यांचे उपकार फेडतोय असं मला वाटत होतं.

त्याच दिवसांत एकदा वहिनी नळावर भेटल्या. हंडा भरून वाहत होता तरी त्यांचं लक्ष नव्हतं. म्हणाल्या, धाकटीला शाळेतून आणलं आणि अर्ध्या तासानं पुन्हा तिला आणायला निघाले. पोरगी दारातच खेळत होती. रागही फार येतो हल्ली, काल ताट भिरकावलं, नंतर रडले. मग त्या अहिराणीत म्हणाल्या, "तू सांग ना त्यासले. मन्हं ऐकतस नही त्या."

मी सांगतो म्हणालो.

सांगितलं नाही. सांगणार काय होतो? भाऊ, खेळणं सोडा? संघ होता म्हणून आम्ही गिरणीत होतो. आमच्यातले चौघं बदलीवर, मीही त्यात, आणि पुढच्या हंगामात कायम करू असं लेबर ऑफिसर साहेबांनी भाऊंच्या शब्दावर सांगितलेलं. भाऊ उतरले की संघ उतरला. माझ्याकडे ना शाळेचा कागद, ना शेत, ना परत जायला तोंड. हे मी आज इतकं सरळ लिहितोय. तेव्हा इतकं सरळ डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा फक्त एवढंच होतं की उद्या सांगू.

मग धुळ्याची स्पर्धा आली. उपांत्य सामना, संध्याकाळची वेळ. मैदानावर पाणी मारून वर भुसा टाकलेला. पहिल्या डावात एक उंच चढाईवाला आत आला, भाऊ वाकले आणि त्याच क्षणी तोही वाकला. कपाळावर कपाळ. फार मोठा आवाज झाला नाही. खोबऱ्याची वाटी जमिनीवर पालथी पडावी तेवढाच. भाऊ गुडघ्यावर बसले, उठले, आणि चालत चालत समोरच्या संघाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. लोक हसले. त्यांना वाटलं, खिजवतायत.

आम्ही त्यांना बाहेर आणलं. टॉवेल, माती. आबा म्हणाले, घे दम. मी हात वर धरले.

ते म्हणायला लागले. आवाज नेहमीसारखा, खणखणीत. मी बोटं मिटत गेलो. दहा. वीस. त्यांचे डोळे माझ्या हातांवर नव्हते, माझ्या मागे कुठंतरी होते. तीस. तेहतीस. श्वास सोडला आणि हसले. आबांनी पाठ थोपटली आणि ते संघाबरोबर आलेल्या लेबर ऑफिसर साहेबांना सांगायला गेले.

त्या वेळात मी भाऊंना विचारलं. का विचारलं माहीत नाही, तोपर्यंत कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, भाऊ, आपण कुठं आहोत?

ते म्हणाले, "यावल शे ना हाई?"

यावलला आम्ही महिन्यापूर्वी खेळलो होतो.

साहेब आले. त्यांना एकच विचारायचं होतं. किती? मी म्हटलं, पुरा. ते खरं होतं. दम पुराच होता. भाऊ आत गेले. मी त्यांच्या शेजारी माझ्या जागेवर उभा राहिलो, आणि दुसऱ्या डावात कधीतरी, कुणाची तरी साधी मांडी त्यांच्या कानशिलाला लागली. इतकी साधी की पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. भाऊ आडवे झाले आणि उठले नाहीत.

आम्ही तो सामना जिंकलो, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात ते नऊ दिवस होते. मी रजा टाकून थांबलो. वहिनी मुलींना शेजारी ठेवून आल्या. डॉक्टर तरुण होते, शांत बोलायचे. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, याआधी किती वेळा लागलंय? मी म्हटलं, यंदा चार-पाच वेळा. ते म्हणाले, मोठं नको, छोटं सांगा. नुसतं डोळ्यांपुढं अंधारी आली, डोकं हलवलं आणि खेळले, असं किती वेळा? मी बोटं मिटायला लागलो आणि दहानंतर सोडून दिलं. मग सराव कसा करता विचारलं, तेव्हा मी पोत्याचं सांगितलं. रोज वीस-पंचवीस म्हटलं. त्यांनी पेन उचललं होतं ते खाली ठेवलं.

म्हणाले, मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांचं असं होतं हे आम्ही शिकलोय. कबड्डीचं कुणी बघितलेलं नाही. पण मेंदूला खेळ कुठला ते कळत नाही. एक मार भरून यायच्या आत दुसरा बसतो, आणि प्रत्येक वेळी बाहेरून काहीच दिसत नाही. मी त्यांना आमची पद्धत सांगितली. का सांगितली? बहुतेक त्यांनी म्हणावं म्हणून, की तुम्ही काळजी तर घेत होतात. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"दम फुफ्फुसाचा असतो," ते म्हणाले. "तुम्ही इतकी वर्षं फुफ्फुस मोजलंत."

मी बाकावर येऊन बसलो. मला रडू आलं नाही. भूक लागली होती, हे मला आठवतं. खाली जाऊन मी दोन केळी खाल्ली आणि सालं हातात धरून बराच वेळ उभा राहिलो.

भाऊ बरे झाले. म्हणजे चालायला लागले, बोलायला लागले, दोन महिन्यांनी कामावर आले. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की खेळ बंद. तो कागद वहिनींनी साहेबांना नेऊन दिला. साहेबांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, बघू, हंगाम यायचाय अजून. आबा म्हणाले, धुळ्याचा डॉक्टर, त्याला खेळातलं काय कळतं? आबांचं वाईट नव्हतं. भाऊ त्यांना मुलासारखे होते आणि खेळाशिवायचे भाऊ त्यांना दिसतच नव्हते.

आणि भाऊ स्वतः. ते रोज पहाटे गिरणीच्या मागच्या रस्त्यावर चालायला जात आणि दम वाढवत. मुलीचं नाव जिभेवर यायला त्यांना वेळ लागायचा, पण दम वाढत होता. मला येऊन सांगायचे, चाळीस गेला आज, पंचेचाळीस गेला. आता माले काय व्हयेल नही, म्हणायचे.

हंगामाच्या आधी साहेबांनी निकाल लावला. कागद राहू दे बाजूला, नेहमीच्या पद्धतीनं बघू. दम पुरा झाला तर खेळतील, नाही तर त्यांना गेटवर हलकं काम देऊ, संघ दुसऱ्याच्या हाती देऊ. सगळा संघ मैदानावर गोळा झाला. वहिनी लांब चाळीच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या की भाऊंकडे, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. भाऊंनी नवा बनियन घातला होता.

मी हात वर धरले.

ते म्हणायला लागले. मी बोटं मिटायला लागलो. पहिली दहा झाली. दुसरी दहा झाली. त्यांचा आवाज तसाच होता, धागा तुटतच नव्हता. एकवीस, बावीस, तेवीस. आणि मी हात खाली घेतले.

म्हटलं, तुटला.

ते थांबले. मी मोजायचं थांबल्यामुळे थांबले, एवढंच. बाकीचे दहा-बारा पावलांवर होते, वारा होता, एकसारख्या कबड्डी कबड्डीत मधेच श्वास घेतला की नाही हे समोरच्यालाच कळतं. आणि मी चुकत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षांत माझ्या मोजण्यावर कुणी शंका घेतली नव्हती.

भाऊ माझ्याजवळ आले.

"तुटना का रे?"

"तुटला, भाऊ."

"कितीवर?"

"तेवीस."

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. "माले वाटनं पुरा व्हयना," ते म्हणाले. मग मान हलवली. "पन तू म्हनस तर तुटना व्हई."

मला वाटलं होतं, ते माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर मी खरं सांगून टाकलं असतं, इतका मी भित्रा होतो. पण त्यांना स्वतःच्या डोक्याचा भरवसा राहिला नव्हता आणि माझा होता. मी ते धरूनच तेवीसवर थांबलो होतो का, हे मी मला खूपदा विचारलंय. थांबण्याआधी मी काहीच ठरवलं नव्हतं. हात खाली आले, तोंडातून शब्द गेला.

आबा उठून निघून गेले. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं, म्हणजे उजवा मध्यरक्षक आता मी. त्याच वर्षी मी कायम झालो. जागेसाठी कोकण्यानं केलं, असं पहूरचे दोघं बोलले. मला जागा मिळाली हे खरंच होतं. मी ती घेतली. पोतं मात्र मी एका दुपारी कोयत्यानं फाडून काढलं आणि कापूस भट्टीत टाकला. आबांनी आठ दिवसांत दुसरं भरून टांगलं. त्याला मी खांद्यानं मारायचो.

वहिनी माझ्याशी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी डब्यात भात पाठवला होता, तेवढंच. त्यांच्या घरी भात सणाला व्हायचा.

नव्वदनंतर काही वर्षांनी गिरणी बंद पडली. मी तोवर इथंच लग्न केलं होतं, एका डाळ मिलमध्ये लागलो आणि राहून गेलो. भाऊ पिंपळनेरकडे गावी गेले. मी वर्षातून एकदा एसटीनं जायचो. ओट्यावर बसलेले असायचे. कधी मला ओळखायचे, कधी आपल्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारायचे. हात थरथरायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता वाढणार नाही असं नाही, पण सावकाश वाढेल. तसंच झालं. खेळत राहिले असते तर काय झालं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी पण चार वर्षं पोत्याला डोकं मारलेलं आहे. कुलूप लावून दहा पावलं गेलो की परत येऊन ओढून बघतो. हा माझा जुना भित्रेपणा की दुसरं काही, हे बघायला मी कुठल्या डॉक्टरकडे गेलेलो नाही.

एकदा गेलो तेव्हा भाऊ बरे होते. वहिनी आत चहा ठेवत होत्या. मला बघून भाऊंनी विचारलं, तो दम कितीवर तुटला होता रे? हे ते अधूनमधून विचारायचे आणि मी सांगायचो. त्या दिवशी मी प्रवासानं दमलो होतो, लक्ष नव्हतं. म्हणालो, एकवीस.

समोरून शेळ्या गेल्या.

"तेवीस," ते म्हणाले. "तू तेवीस सांगेल व्हतं."

मी म्हटलं, हो भाऊ, तेवीस. मीच चुकलो.

त्यांनी मान डोलावली. आपलं बरोबर निघालं याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि बशी त्यांच्या हातात न देता स्वतःच धरली. भाऊ त्यांच्याकडे बघून म्हणाले, याच्या ध्यानात राहत नाही आता काही. त्या हो म्हणाल्या. मी चहा प्यायलो आणि पाचची एसटी धरली.